पाच सूनांपैकी पहिली

मांस खावे की खाऊ नये, हा प्रश्न भारतीय धर्मविचारात इतका जुना आणि इतका गाजलेला आहे की, ज्या विस्तवावर ते भाजले जाते त्या विस्तवाचाही विचार याच परंपरांनी तितक्याच बारकाईने केला होता, ही गोष्ट सहसा ध्यानात राहत नाही. गच्चीवर किंवा अंगणात शेगडी मांडून निखाऱ्यांवर मांस भाजणारा, म्हणजे आता सर्रास ज्याला बार्बेक्यू म्हटले जाते तो बेत घरी करणारा गृहस्थ मुख्यतः दोन वस्तू निवडून आणतो: मांस आणि कोळसा. पहिल्या निवडीकडे धर्माचा प्रश्न म्हणून पाहण्याची सवय समाजाला आहे. दुसरी निवड मात्र निव्वळ सोयीची समजली जाते. ही विभागणी परंपरेला धरून नाही आणि युक्तिवादालाही टिकत नाही, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे. मांसाचा दोष आणि कोळशाचा दोष निवडणाऱ्या माणसापाशी येऊन मिळतात, आणि म्हणून त्यांचा विचार एकत्रच करावा लागतो.

मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात गृहस्थाच्या घरातील पाच ‘सूना’ सांगितल्या आहेत. सूना म्हणजे जेथे प्राण्यांचा वध होतो ते ठिकाण, खाटिकखाना. आणि ही पाच ठिकाणे कोणती, तर चूल, जाते-पाटा, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. ही यादी मांसाहारी घरापुरती नाही, हे तिचे खरे महत्त्व. ज्या घरात आयुष्यभर वरणभाताखेरीज काही शिजले नाही त्या घराची चूलही सूनाच आहे, कारण सरपणातील कीड, राखेखालची मुंगी आणि ज्योतीवर झेपावणारा पतंग यांचा जीव तेथे रोज जातो. यावर स्मृतिकारांनी चूल विझवून टाकण्याचा उपाय सांगितला नाही. अध्यापन, तर्पण, होम, भूतबली आणि अतिथिपूजन असे पाच महायज्ञ त्यांनी गृहस्थाला नेमून दिले, म्हणजे जे टाळता येत नाही त्याची रोजच्या रोज फेड करण्याची सोय लावून दिली. हिंसा अटळ आहे, एवढ्यावरून माणूस मोकळा होत नाही, आणि ती अटळ आहे म्हणून त्याने जगणे सोडावे असेही नाही. या दोन टोकांच्या मधली, अवघड पण खरी जागा या श्लोकांनी धरून ठेवली आहे.

विस्तवासाठी लागणारे लाकूडही जिवंत वृक्षापासूनच येते, ही जाणीव तर स्मृतींच्याही आधीची, थेट यज्ञसंस्थेइतकी जुनी आहे. पशुयागात पशू बांधण्यासाठी जो खांब उभारत त्याला यूप म्हणत. त्यासाठी पळस, खैर, बेल अशी ठरावीक झाडेच घेत, आणि झाड तोडण्यापूर्वी त्यावर दर्भाची काडी ठेवून, वनस्पतीने याचे रक्षण करावे आणि कुऱ्हाडीने याला इजा करू नये, अशा अर्थाचा मंत्र म्हणत. झाड तोडल्यावर उरलेल्या बुंध्यावर तुपाची आहुती देऊन, त्याला पुन्हा शंभर फांद्या फुटोत, अशी प्रार्थनाही केली जाई. यातील विशेष असा की, दर्भ आणि शस्त्र यांना उद्देशून असलेला हाच मंत्र पुढे पशूचे अंग कापतानाही म्हटला जातो, आणि दीक्षेच्या वेळी खुद्द यजमानाचे केस भादरतानाही म्हटला जातो. झाड, पशू आणि यज्ञ करणारा मनुष्य या तिघांसाठी विधीने एकच भाषा वापरली. शस्त्र चालवीत असतानाच शस्त्राला ‘इजा करू नको’ असे म्हणणे हा आत्मवंचनेचा प्रकार आहे, अशी टीका करता येईल आणि ती अगदीच निराधार नाही. तरीही जे तोडले जात आहे त्याला जीव आहे आणि तोडणाऱ्याला ते ठाऊक आहे, एवढी कबुली तरी त्या मंत्रात आहे, आणि कोळशाची गोणी उचलून गाडीत टाकणाऱ्या आजच्या गृहस्थाच्या कृतीत तीही नसते. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेचे विवरण करताना ज्ञानदेवांनी यज्ञातील हिंसेबरोबरच, एका जिवाला वाचवण्यासाठी झाडे मुळासकट उपटणाऱ्या, त्यांच्या साली सोलणाऱ्या औषधोपचारावरही बोट ठेवले आहे. वृक्षाला हिंसेच्या हिशेबाबाहेर ठेवण्यास ते तयार नाहीत.

इंधनाच्या निवडीला धर्माचा नियम लावणे हे केवळ भारतीय वैशिष्ट्य नाही. जेरुसलेमच्या मंदिरातील यज्ञविधींचे तपशील इसवी सनाच्या सुमारे 200 मध्ये संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी धर्मसंग्रहात आढळतात. होमबलीचा पशू निर्दोष, अव्यंग असावा, हा लेवीय ग्रंथातील नियम प्रसिद्ध आहे; परंतु लाकडालाही अव्यंगतेची कसोटी होती, हे फारसे सांगितले जात नाही. मंदिराच्या एका दालनात, शारीरिक व्यंगामुळे वेदीवरील सेवेस अपात्र ठरलेले याजक बसून लाकडाचा एकेक तुकडा तपासत, आणि ज्यात कीड सापडेल तो वेदीसाठी बाद करत. वेदीवर कोणतेही लाकूड चाले, अपवाद दोनच: जैतून आणि द्राक्षवेल. या अपवादाची कारणे देताना तल्मूदमध्ये एका आचार्याने त्या लाकडांतील गाठींचा दोष सांगितला आहे, तर दुसऱ्याने, ही झाडे जाळत गेल्यास देशाची वस्ती उजाड होईल, असे कारण दिले आहे. हे दुसरे कारण विशेष विचार करण्याजोगे आहे, कारण त्यात देवाच्या वेदीवरील अग्नीलाही, माणसांच्या अन्नाचा आधार असलेली झाडे जाळण्याचा अधिकार नाकारला आहे. वल्हांडण सणाच्या कोकराबाबतचा नियम तर स्वयंपाकाच्या अंगाने आणखी बारीक आहे. ते कोकरू विस्तवावर भाजलेलेच असले पाहिजे, उकडलेले चालणार नाही, अशी निर्गम ग्रंथाची आज्ञा. म्हणून मिश्नाने त्यासाठी डाळिंबाच्या लाकडाची शीग सांगितली, कारण इतर ओल्या लाकडांतून पाणी सुटते आणि आतले मांस त्या पाण्यावर शिजते, आणि लोखंडी शीग नाकारली, कारण ती तापली की मांस विस्तवाने भाजले न जाता लोखंडाने भाजले जाते. वैदिक पशुयागातही वपा, म्हणजे पशूच्या आतड्यांवरील चरबीचा पातळ पडदा, ज्या काटक्यांवर धरून भाजत त्या काश्मर्याच्या, म्हणजे शिवण वृक्षाच्या असाव्यात असा दंडक होता. कोणते लाकूड, कोणती शीग, कोणता भाग, कोणता अग्नी हे प्रश्न आज पाकशास्त्रातले वाटतात. पूर्वी ते उपासनेचेच प्रश्न होते, आणि त्यांना उत्तर देणाऱ्यांना चवीचे ज्ञानही कमी नव्हते.

कोळशावर थेट आणि निःसंदिग्ध बोट ठेवले ते जैन परंपरेने. उपासकदशा या आगमग्रंथात श्रावकाने, म्हणजे गृहस्थ जैनाने, टाळावयाची पंधरा ‘कर्मादाने’ दिली आहेत. कर्मादान म्हणजे ज्यातून मोठ्या प्रमाणावर कर्मबंध होतो असा व्यवसाय. या पंधरांत पहिले नाव अंगारकर्माचे आहे, म्हणजे लाकूड जाळून कोळसा पाडण्याचा आणि तत्सम भट्टीचा धंदा. त्यानंतर लगेच वनकर्म, म्हणजे जंगलतोड. पुढे निर्लांछनकर्म, म्हणजे जनावरांना खच्ची करणे, डागणे. आणि दवाग्निदान, म्हणजे रानाला वणवा लावणे. या क्रमामागे एक सुसंगत विश्वदर्शन आहे. आचारांग या आगमाच्या पहिल्याच अध्ययनात पृथ्वी, जल, अग्नी, वनस्पती यांना शरीर मानून राहणाऱ्या जिवांचा विचार येतो, आणि अग्नी हे त्या सर्वांवर चालणारे शस्त्र मानले जाते. भगवतीसूत्रात कालोदायी नावाचा एकजण महावीरांना विचारतो की, आग पेटवणारा आणि आग विझवणारा या दोघांत अधिक कर्मबंध कोणाला; आणि उत्तर मिळते की पेटवणाऱ्याला, कारण विझवणारा अग्निकायिक जिवांचा घात करतो हे खरे, परंतु पेटवणारा माती, पाणी, वारा, झाडे आणि हिंडते-फिरते प्राणी अशा कितीतरी जीवराशींचा घात करतो. अग्नीला स्वतःचे जीव आहेत ही कल्पना आधुनिक वाचकाला पटो वा न पटो, एक विस्तव पेटवण्यामागे किती गोष्टींचा नाश उभा असतो याची मोजदाद करण्याची ती पद्धत होती, आणि पद्धत म्हणून ती आजही निरुपयोगी झालेली नाही.

दोष आहे एवढे मान्य केल्यावर तो कोणाचा, हा पुढचा प्रश्न येतो, आणि येथे दोन प्राचीन संस्कृतींची उत्तरे शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. अथेन्स नगरीत ‘बूफोनिया’ नावाचा एक विधी होता. त्यात वेदीवर बैल मारला जाई आणि त्यानंतर वधाचा रीतसर खटला चाले. पॉर्फिरी या तत्त्वज्ञाने दिलेल्या वर्णनानुसार, पाणी आणणाऱ्या मुली शस्त्राला धार लावणाऱ्यांकडे बोट दाखवत, ते शस्त्र हाती देणाऱ्याकडे, तो वार करणाऱ्याकडे आणि वार करणारा सुरीकडे; सुरीला काही बोलता येत नसल्याने तिलाच दोषी ठरवून समुद्रात फेकून देत; बैलाचे मांस मात्र सर्वांनी खटल्याआधीच खाल्लेले असे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायातील उत्तर याच्या नेमके उलट आहे. वधाला संमती देणारा, अंगे कापणारा, मारणारा, विकत घेणारा, विकणारा, शिजवणारा, वाढणारा आणि खाणारा अशा आठही जणांना तेथे घातक म्हटले आहे. महाभारताच्या अनुशासनपर्वातही विकत घेणारा पैशाने मारतो, खाणारा उपभोगाने मारतो आणि प्रत्यक्ष मारणारा बांधून व कापून मारतो, असा त्रिविध वध सांगितला आहे. अथेन्समध्ये दोष हातोहात पुढे सरकत जाऊन शेवटी अशा वस्तूवर थांबतो जिला उत्तर देता येत नाही. येथे तो कोणाच्याही हातातून सुटत नाही आणि पुढच्याला दिल्याने मागच्याचा कमी होत नाही. हे दुसरे उत्तर अधिक कठोर आहे आणि अधिक प्रामाणिकही आहे. त्याच मनुस्मृतीत, त्याच अध्यायात, विधिपूर्वक केलेल्या मांसभक्षणाला मुभाही आहे, ही विसंगती लपवण्याचे कारण नाही. परंतु मुभा मिळाल्याने आठ घातकांची यादी रद्द होत नाही.

या यादीला सर्वांत विचारपूर्वक दिलेला अपवाद बौद्ध विनयात, म्हणजे भिक्षूंच्या आचारनियमांत आहे, आणि त्याचा गैरवापरही सर्वांत अधिक झाला आहे. जीवकसुत्तात भगवान बुद्धांनी सांगितले की, जो प्राणी आपल्यासाठी मारला गेला असे भिक्षूने पाहिले नाही, ऐकले नाही आणि ज्याविषयी तशी शंकाही नाही, त्याचे मांस भिक्षेत आले तर ते ग्राह्य आहे. यालाच त्रिकोटिपरिशुद्ध मांस म्हणतात. बाजारातील मांस कोणा एका ग्राहकासाठी मारलेले नसते, म्हणून तेही त्रिकोटिपरिशुद्धच, असा युक्तिवाद यावरून अनेकदा केला जातो. परंतु भिक्षूची ही निर्दोषता कशावर उभी आहे ते पाहिले पाहिजे. भिक्षू मागत नाही, निवडत नाही, किंमत देत नाही. पात्रात पडेल ते तो घेतो, अमुकच हवे असे सांगण्याचा अधिकार त्याला नाही, आणि विनयाच्या नियमांप्रमाणे शेकण्यासाठी स्वतः आग पेटवण्याची किंवा झाडपाला तोडण्याचीही त्याला मनाई आहे. निवडीचा त्याग हीच त्याच्या निर्दोषतेची किंमत आहे. गृहस्थाने ती किंमत भरलेली नसते. गृहस्थ उपासकाला बुद्धांनी जे पाच व्यापार वर्ज्य सांगितले त्यांत मांसाचा व्यापार आहे, आणि व्यापाराचे दुसरे टोक ग्राहकाच्या हातात असते. शीग, शेगडी आणि मसाला तयार ठेवून दुकानात गेलेल्या माणसाने भिक्षूचे वचन आपल्या बाजूने उद्धृत करणे, यात त्या वचनाचाही अपमान आहे.

निवड किती बारकाईने होते, हे खाटकाच्या दुकानात काही मिनिटे उभे राहिले तरी दिसते. निखाऱ्यावर झटपट भाजायचे असेल तर जाणकार गिऱ्हाईक चापा किंवा पुठ्ठ्याचे मऊ मांस मागते, कारण तीव्र आचेवर थोडाच वेळ राहणाऱ्या मांसात स्नायूंना जोडणारे चिवट तंतू कमी असावे लागतात. धुरावर मंद आचेने, साधारण 110 ते 120 अंश सेल्सिअसवर, कित्येक तास ठेवायचे असेल तर उलट खांदा, मान, नळी हे भाग मागावे लागतात, कारण त्यांतील चिवट तंतू इतक्या वेळात विरघळून मांसाला ओलावा देतात. मांसावर चरबीचा पातळ थर असावा, बोकड कोवळा असावा, आणि शक्य तर खस्सी असावा, अशीही अपेक्षा असते. खस्सी, म्हणजे लहानपणीच खच्ची केलेल्या बोकडाच्या मांसाला उग्र वास येत नाही आणि ते नरम राहते. जैन यादीतील निर्लांछनकर्म ते हेच. म्हणजे सुरी चालण्यापूर्वी कित्येक महिने, त्या प्राण्याचे शरीर कसे वाढावे याचा निर्णय खाणाऱ्याच्या आवडीने झालेला असतो. आपल्यासाठी मारला नाही, असे येथे कोणत्या तोंडाने म्हणता येईल? प्राणी एका व्यक्तीसाठी मारला गेला नसेल. परंतु ज्या आवडीसाठी तो वाढवला आणि मारला, ती आवड त्या व्यक्तीची आहे. या पार्श्वभूमीवर, जनावराला दिसेल अशा तऱ्हेने सुरीला धार लावू नये, ती बोथट असू नये, अशी इस्लामी परंपरेतील शिकवण, किंवा कुर्बानीचे मांस आणि रक्त ईश्वराला पोचत नाही, पोचते ती माणसाची धर्मनिष्ठा, हे कुराणाचे सांगणे, निवड करणाऱ्याला पुन्हा त्याच्या अंतःकरणापाशी आणून सोडते.

धुराविषयीही एक प्रश्न आहे आणि तो कमी महत्त्वाचा नाही. जुन्या यज्ञसंस्थांत भाजण्याच्या वासाला स्वतंत्र स्थान होते. होमबलीचा सुवास देवाला प्रिय आहे असे लेवीय ग्रंथ पुन्हा पुन्हा सांगतो. ग्रीक कवी हेसिअडच्या काव्यात प्रॉमिथिअसने देव आणि माणसे यांच्यात केलेल्या वाटणीनंतर मांस माणसांकडे राहिले आणि देवांच्या वाट्याला वेदीवर जळणारी हाडे व चरबी आली. आणि वैदिक कल्पनेत अग्नी हेच देवांचे मुख. तपशिलांत कितीही भेद असला तरी, जे भाजले जात आहे त्यातला काही अंश भाजणाऱ्याचा नाही, ही समजूत तिन्ही ठिकाणी आहे, आणि तो अंश बहुधा धूर व गंध यांच्याच रूपाने वर जातो. धुरावर मांस शिजवण्याच्या कलेत नेमका हाच अंश अडवला जातो: झाकण बंद करून, हवा मोजून, धूर मांसात मुरेल अशी व्यवस्था केली जाते. स्वयंपाकाच्या दृष्टीने यात कौशल्य आहे आणि ते प्राचीनही आहे. बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या मानसोल्लासातील अन्नभोगात शुळावर टोचून निखाऱ्यांवर भाजलेल्या मांसाची वर्णने येतात. राजाचा तो भोग होता आणि ग्रंथानेही त्याला भोगच म्हटले आहे, यज्ञ म्हटलेले नाही. परंतु जे फक्त स्वतःसाठी शिजवतात ते पाप खातात, हा भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायाचा निवाडा लक्षात घेतला, तर भाजलेल्या अन्नात दुसऱ्याचा वाटा कोणता, हा प्रश्न देवाला बाजूला ठेवल्यानंतरही उरतोच.

यावर सर्वांत गंभीर आक्षेप महाभारतातूनच येतो. वनपर्वात कौशिक नावाचा तपस्वी ब्राह्मण धर्म शिकण्यासाठी मिथिलेला जातो आणि त्याला गुरू मिळतो तो बाजारात मांस विकत बसलेला एक व्याध. धर्मव्याध या नावाने ओळखला जाणारा हा पुरुष सांगतो की, नांगर चालवणारा जमिनीतले असंख्य जीव मारतो, धान्याचे बीदेखील सजीवच आहे, चालताना पायाखाली प्राणी चिरडतात, आणि पूर्णपणे अहिंसक असा मनुष्य पृथ्वीवर कोणी नाही. हे जर खरे असेल तर मांसाची आणि कोळशाची एवढी चिकित्सा कशासाठी, असे विचारता येईल, आणि धर्मव्याधाचा आधार घेऊन तसे विचारलेही जाते. मात्र धर्मव्याध स्वतः कसा वागतो हे त्याच कथेत स्पष्ट आहे. तो स्वतः प्राणी मारत नाही, इतरांनी मारलेल्यांचे मांस विकतो. तो स्वतः मांस खात नाही. शक्तीप्रमाणे दान देतो. आणि आपल्या धंद्याला तो घोर कर्मच म्हणतो. सर्वत्र हिंसा आहे, हे त्याचे वाक्य तपाच्या अहंकाराने आलेल्या ब्राह्मणाला उद्देशून आहे. दुसऱ्याचा गर्व उतरवणारे सत्य स्वतःला सूट देण्यासाठी वापरले की त्याचा अर्थच पालटतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1957 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात बुद्धांच्या अहिंसेचा अर्थ लावताना, मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत जो भेद केला आहे तो येथे निर्णायक ठरतो. डोंगरात सशामागे जाणाऱ्या भुकेल्याचा विस्तव आणि सुट्टीच्या संध्याकाळी चवीसाठी पेटवलेली शेगडी या दोन्ही सूनाच आहेत, पण त्यांना एका पारड्यात घालता येत नाही. घरच्या बार्बेक्यूत गरज जवळजवळ नसते. तेथे असते ती इच्छा, आणि तीही बरीच सुसंस्कृत, चोखंदळ इच्छा. म्हणूनच तिच्यावर विचाराचे ओझे अधिक आहे.

मांसाच्या जागी पनीर, मक्याची कणसे किंवा रताळी शेगडीवर ठेवली म्हणजे प्रश्न मिटला, असे मानणाऱ्यासाठी कोळसा तसाच शिल्लक राहतो. लाकडापासून पाडलेला, मराठीत ज्याला लोणारी कोळसा म्हणतात तो, तयार कसा होतो हे पाहिले पाहिजे. तोडलेली लाकडे जवळजवळ रचून त्यांचा ढीग करतात, त्यावर गवत व पालापाचोळा घालून मातीने लिंपतात, एका तोंडाने विस्तव देतात आणि हवेसाठी थोडीच छिद्रे ठेवतात, जेणेकरून लाकूड पेटणार नाही, आतल्या आत भाजत राहील. आधी पांढरा दाट धूर येतो, तो मुख्यतः लाकडातील पाण्याचा; पुढे तो विरळ आणि निळसर झाला की लाकूड कोळशात बदलत आल्याचे कळते, आणि मग छिद्रे बुजवून भट्टी निवण्यासाठी दिवस काढावे लागतात. या काळात मातीला तडा गेला आणि हवा आत शिरली तर सगळ्या ढिगाची राख होते, म्हणून कोणीतरी रात्रंदिवस तेथे थांबून धुराकडे पाहत, भेगा लिंपत असतो. अशा मातीच्या भट्टीत एक किलो कोळशासाठी साधारणपणे चार ते सहा किलो लाकूड लागते. ग्राहक मात्र परिणाम पाहतो: तुकड्यावर तुकडा आपटला की खणखणीत आवाज यावा, पेटताना धूर नसावा, निखारा लवकर राखावू नये. हे गुण बाभूळ, खैर, चिंच अशा घट्ट लाकडाचे, म्हणजे बहुतांशी सावकाश वाढणाऱ्या झाडांचे आहेत. उत्तम कोळसा मागणे म्हणजे बहुधा जुने झाड मागणे होय.

आणि भट्टीवर रात्र जागवणारा कोण, हा प्रश्न महाराष्ट्रात तरी अमूर्त नाही. रायगड-ठाण्यातील कातकरी, ज्यांना खैराच्या लाकडापासून काथ काढण्याच्या परंपरागत कामावरून काथोडी असेही नाव आहे, त्यांतली अनेक कुटुंबे पावसाळ्यानंतर मालकाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम घेऊन कोळशाच्या भट्ट्यांवर जातात, आणि ती उचल फिटेपर्यंत, पुष्कळदा न फिटताच, मुलाबाळांसह तेथेच राबतात. वेठबिगारी निर्मूलनाचा केंद्रीय कायदा 1976 चा आहे. 1927 च्या भारतीय वन अधिनियमाने कोळसा आणि काथ या दोहोंना, ते जंगलात मिळालेले असोत वा नसोत, वनउपज ठरवले आहे, म्हणजे त्यांच्या वाहतुकीवर शासनाचे नियंत्रण चालते. मांसावर महापालिकेच्या कत्तलखान्याचा शिक्का असतो, पशुवैद्याची तपासणी असते. कोळशाच्या पिशवीवर वजन आणि किंमत असते, क्वचित तो घट्ट लाकडाचा असल्याची ग्वाही असते, पण झाड कोणते, तोडले कोठे आणि भट्टीवर मजुरी कोणाला किती मिळाली, हे नसते. रायगडातच हिवाळ्यात पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी आणि कोंबडी घालून ते उपडे ठेवतात आणि भोवती पेंढा, काटक्या, सुका पालापाचोळा पेटवतात. त्या विस्तवाचे इंधन शेताच्या बांधावरचे असते आणि ते कोणी गोळा केले हे खाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. शहरातल्या शेगडीला ही सोय नाही, हे मान्य केले तरी काही विचारता येतेच. कच्छ आणि तमिळनाडूच्या कोरड्या भागांत माजलेल्या वेड्या बाभळीचा, म्हणजे एकोणिसाव्या शतकात अमेरिका खंडातून आणलेल्या आणि आता या भागांतली गवताळ कुरणे गिळत चाललेल्या झाडाचा कोळसा बाजारात येतो. टेक्सासमध्ये ज्या मेस्क्वीट लाकडाच्या धुरावर मांस शिजवतात ते याच कुळातले. असा कोळसा निवडल्याने वृक्षाविषयीची शंका बरीच कमी होते, मजुराविषयीची मात्र तसूभरही कमी होत नाही, कारण वेडी बाभूळ तोडणारे हातही उचल घेऊनच आलेले असू शकतात. या शंकेचे उत्तर झाडाच्या जातीत मिळणार नाही. ते दुकानदाराकडे, त्याच्या पुरवठादाराकडे आणि भट्टीच्या मालकाकडे पिशवीगणिक मागावे लागेल, आणि ते मिळेपर्यंत संमती देणारा व विकत घेणारा ही आठांतील दोन नावे कोळशाच्या बाबतीतही ग्राहकाच्याच खात्यावर राहतील.